फ्लास्क क्रमांक सात हजर आहेत

सोयगाव
६ जानेवारी २०२५

मेघा बेटा,

दुआ. पाकीट बघून घाबरू नको आणि फोनही करू नको. मोबाईल बिल्किसकडं असतो, आणि तुझी काकू त्यावर आलेली जाहिरातसुद्धा मला मोठ्यानं वाचून दाखवते. म्हणून हे पोस्टानं. पोस्टमनला सांगून ठेवलंय, माझं टपाल घरी टाकायचं नाही, चौकातल्या चहाच्या टपरीवर द्यायचं.

मुद्द्यावर येतो. डाव्या गालाच्या आत एक फोड आहे. दसऱ्याला आला, अजून गेला नाही. तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही. इथल्या डॉक्टरानं बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, चाचा, शहरात मोठ्या दवाखान्यात जा, तुकडा काढून तपासून घ्या. मी व्हय म्हणालो आणि घरी आलो. जाणार नाही.

का, ते तुला सांगायला नको. तुझा बाप आणि मी वाळूजला सव्वीस वर्षं एकाच भट्टीवर होतो. बजाजनगरात घराला घर लागून. तंबाखूसुद्धा एकाच पुडीतली. अप्पारावला त्या दवाखान्यात मीच नेलं आणि चार महिन्यांनी मीच परत आणलं. तो वॉर्ड मी बघितलाय. चाकूखाली जायची माझी हिंमत नाही, असं समज.

आता कामाचं. तुझी आई सांगत होती की तू कॅन्सरच्या पेशी तापवून मारतेस. मी म्हणालो, बघा, अप्पारावची पोरगी फिरून फिरून बापाच्याच लाईनीत आली. गिअर तापवायचे, कडक करायचे, वेळेवर बाहेर काढून तेलात बुडवायचे, आमचा जन्म त्यात गेला. किती डिग्री, किती वेळ, मला झोपेतून उठवून विचार. तेव्हा हा माझा माल तूच तुझ्या भट्टीत घाल. दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही. तारीख कळव, एस.टी.नं येतो.

बिल्किसला एक अक्षर बोलायचं नाही. तुला अप्पारावची शपथ आहे.

तुझा,
हबीबकाका

*

छत्रपती संभाजीनगर
१० जानेवारी

हबीबकाका,

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. चिडलेली आहे तोवर लिहून घेते.

माझी भट्टी म्हणजे पोळ्यांच्या डब्याएवढं यंत्र आहे. आत तांब्याच्या नळीचं वेटोळं, आणि त्यात करंगळीएवढी कुपी बसते. तुमचा गाल बसत नाही, मी मापून बघायचीही गरज नाही. कुपीत पेशी असतात. त्यांना आम्ही आदल्या दिवशी लोखंडाच्या ऑक्साईडचे कण चारतो, इतके बारीक की एका केसाच्या जाडीत पाच हजार शेजारी शेजारी बसतील. पेशी ते गिळतात. मग वेटोळ्यात वीज सोडली की चुंबकाची दिशा सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट होते, आणि कण पेशीच्या आतच तापतात. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश, अर्धा तास. एवढ्यात कॅन्सरच्या पेशीनं मरायला हवं.

हवं म्हणते, कारण मरत नाहीत. अकरा महिने झाले, शंभरातल्या सत्तर यंत्रातून बाहेर येतात आणि पुन्हा वाढायला लागतात. आमचे सर म्हणतात, मराठवाड्यातल्या पेशी आहेत, मे महिना काढलेल्या, त्यांना त्रेचाळीसचं काय कौतुक! त्या तशा इथल्या नाहीतच. एका माणसाच्या जिभेच्या आहेत, कुठला ते मलाही माहीत नाही. तो वीस वर्षांपूर्वी गेला. त्याच्या गाठीच्या पेशी तेव्हापासून प्रयोगशाळांमध्ये वाढवतात. दर दोन दिवसांनी त्यांना खायला घालावं लागतं.

तर असं आहे काका. मी एका मेलेल्या माणसाच्या जिभेशी अकरा महिने हरते आहे, आणि तुम्ही जिवंतपणी माझ्याकडं यायचं म्हणता. हे माणसांवर करण्याची आम्हाला परवानगी नाही, तयारी नाही, अक्कलही नाही. उद्याच्या उद्या दवाखान्यात जा. एक तुकडा काढून तपासतील, बाकीचं नंतर. बाबांना उशीर झाला तेवढा पुरे. तुम्ही गेलात तर मला बाबांच्या आवाजाची आठवण सांगणारं कुणी राहणार नाही.

शपथ पाळते, पण महिनाअखेरपर्यंतच. फेब्रुवारी उजाडला की काकूंना फोन करणार.

मेघा

*

सोयगाव
१५ जानेवारी

मेघा बेटा,

माणूस मेला आणि त्याची जीभ अजून जेवते? तौबा. मी दोनदा वाचलं. त्याचं नाव तरी विचारून ठेवायचंस. नाव नाही तर दुआ कुणासाठी मागायची? शेवटी 'ज्याची जीभ मेघाकडं आहे तो' असं म्हणून फातिहा पढली. वरच्याला बरोबर कळेल.

इथं एक गंमत झालीय. तोंड उघडत नाही म्हणून मी बोलत नाही, आणि बिल्किसला वाटतं मी सुधारलो. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा नवरा मधे न बोलता ऐकून घेतो म्हणून ती जाम खूश. रोज मला नवीन नवीन विषय सांगते. परवा तिनं या बदलाबद्दल मोहल्ल्यात गोड भात करून नियाज वाटली. मी पण दोन घास खाल्ले, रडू येत होतं ते तिखटामुळं म्हणालो. गोड भातात तिखट कुठून आलं हे तिनं विचारलं नाही, म्हणजे किती आनंदात असेल बघ.

आता तुझ्या न मरणाऱ्या मालाबद्दल. कारखान्यात माल नको तिथं कडक निघाला की सगळे आधी भट्टीला शिव्या द्यायचे. मी आणि तुझा बाप भट्टीला हात लावायचो नाही. आम्ही फक्त विचारायचो, आमच्या आधी या मालाला ऊब कुणी दिली? दर वेळी कुणीतरी निघायचाच. एकदा तर एक वेल्डर आमच्या गिअरांची चूल मांडून त्यावर चहा उकळताना सापडला. तू पण हेच विचार. अकरा महिने यंत्रात डोकं घालून बसलीस, बाहेर मान काढून कुणाला विचारलं नसशील.

तोवर मी थांबतो. पेशी मेल्या की कळव. गाल बसेल एवढं वेटोळं मी स्वतः वळून आणतो, तांबं वळायला मला कुणी शिकवू नये.

हबीबकाका

*

छत्रपती संभाजीनगर
३१ जानेवारी

हबीबकाका,

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात आमच्या संस्थेनं एक समिती नेमली. 'पेशी-मृत्यू-अभाव चौकशी समिती'. सदस्य तीन. नियमाप्रमाणे एक सदस्य बाहेरच्या विभागाचा लागतो, म्हणून इतिहासाचे प्राध्यापक. कार्यालयातल्या माणसानं कर्मचाऱ्यांना पाठवायच्या नोटिशीचा जुना मसुदा काढला, फक्त नाव बदललं, आणि वरून सह्याही झाल्या: 'फ्लास्क क्रमांक सात यांनी शुक्रवार दि. २४ रोजी सकाळी अकरा वाजता समितीसमोर लेखी खुलाशासह व्यक्तिशः हजर राहावे.' सही झालेला कागद आमच्याकडं कुणी बदलत नाही. त्यामुळं फ्लास्कला, म्हणजे पेशी वाढवायच्या बाटलीला, हजर करणं भाग होतं.

आमच्या प्रयोगशाळेत गोजरबाई आहेत. बाटल्या धुणं, वाफेत उकळणं, पेशींच्या खाण्याचं पाणी कोमट करून ठेवणं त्यांच्याकडं. त्यांनी फ्लास्क पदराखाली घेतला, नजर लागू नये म्हणून, आणि आम्ही सभागृहात गेलो. इतिहासाच्या सरांनी चष्मा लावून विचारलं, "फ्लास्क क्रमांक सात हजर आहेत का?"

गोजरबाई म्हणाल्या, "हायत की. पर मानसं लई बघून बुजल्यात."

तशी नोंद झाली.

तासभर सगळे भट्टीला शिव्या देत होते, तुम्ही म्हणालात तश्शा. वीज कमी पडते, वेटोळं वाकडं आहे, कण शिळे आहेत. मग मी उभी राहिले आणि तुमचा प्रश्न विचारला. माझ्या आधी या पेशींना कुणी ऊब दिली का?

गोजरबाई म्हणाल्या, "मी देते की शेक."

"कसला शेक?"

"अवो ताई, उद्या भट्टीत कुनाला घालायचं ते तुमी बोर्डावर लिवून ठिवता. मग लेकरांला एकदम तसल्या झळीत ढकलायचं व्हय? बाळंतिणीला बी पयल्या दिवशी कडक शेक देत नाय. आदी मऊ द्यायचा, अंगाला सवय लावायची. म्हून आदल्या दिवशी कोमट पाण्यात ठिवते दोन तास, वर गोधडीचा तुकडा टाकून. जास्ती नाय. कोपर लावून बघते."

त्यांनी आजवर एकशे चाळीस बाळंतिणींना शेक दिलाय, काका. एकीलाही भाजलं नाही. समितीनं तिथंच पाण्याची घमेली मागवली आणि गोजरबाईंचं कोपर तपासलं. त्यांनी 'हां, आता बास' म्हटलं की आम्ही थर्मामीटर घालायचो. तीनदा केलं. एक्केचाळीस, एक्केचाळीस, चाळीस पूर्णांक नऊ. आमच्या आयात केलेल्या यंत्राला इतकं जमत नाही.

आणि तिथंच मला उलगडा झाला. मऊ ऊब लागली की पेशी सावध होते. स्वतःला सांभाळणारी प्रथिनं आत तयार करून ठेवते. ती दिवस-दीड दिवस टिकतात. मग दुसऱ्या दिवशी खरी आग आली तरी पेशी त्यातून निभावते. पुस्तकात हे मी चार वर्षांपूर्वी वाचलंय, परीक्षेत लिहून गुणही मिळवलेत. पण ते माझ्याच खोलीत गोधडी पांघरून चाललंय हे मला दिसलं नाही.

पुढं सांगते. या आठवड्यात आम्ही शेक न देता तीनदा प्रयोग केला. शंभरात अठ्ठ्याऐंशी मेल्या. सरांनी पेढे आणले. गोजरबाईंनी पेढा घेतला नाही. मला बाजूला घेऊन विचारलं, "तरास झाला का त्यांला?" मी नाही म्हणाले. खरं तर मला माहीत नाही.

काका, पेशी मेल्या, तुम्ही कळवायला सांगितलं होतं ते कळवलं. तरीही या यंत्राजवळ मी तुम्हाला येऊ देणार नाही. बाराजणी अजून जिवंत आहेत आणि त्या का जिवंत आहेत हे आम्हाला कळलेलं नाही. वेटोळं वळलं असेल तर मोडीत घाला. दवाखान्यात जा. मंगळवारी सकाळी दहा वाजता मी काकूंना फोन करते आहे.

मेघा

*

सोयगाव
३ फेब्रुवारी, सोमवार

मेघा,

फोन करायची गरज नाही. मी सांगितलं बिल्किसला. हे पाकीट उद्या सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडं देतोय, काकू तुला फोन करून गाडीचा नंबर सांगेल, स्टँडवर जाऊन घे.

तुझं पत्र टपरीवर वाचलं आणि माझा चहा तसाच राहिला. तुला एक सांगितलं नव्हतं. दसऱ्यापासून रोज संध्याकाळी मी मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून गालाला लावतो. बिल्किसला दाढ दुखते म्हणून सांगितलेलं. जास्त गरम नाही, आधी तळहाताला लावून बघायचो. मऊ शेक. रोज. चार महिने.

म्हणजे मी त्याला रोज सावध करत होतो. सव्वीस वर्षं जगाला विचारत फिरलो, माझ्या आधी मालाला ऊब कुणी दिली. इथं घरातच मी गाल घेऊन बसलोय. असला माल घेऊन कुठल्या भट्टीत जायचं? याला आता चाकूच. कडक, एकदम, उशीर न करता. मीठ उकिरड्यावर फेकलं, तवा बिल्किसनं फेकला.

सगळं ऐकून ती म्हणाली, "मैं पूरे मोहल्ले में नियाज बाँटी, और तुम अंदर से सडरे थे?" आणि माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. मग मला धरून इतकी रडली की शेजारची आवडाबाई भिंतीपलीकडून विचारायला लागली, कोण गेलं?

कुणी गेलं नाही म्हणालो. बुधवारच्या गाडीनं येतो.

हबीबकाका

*

छत्रपती संभाजीनगर
७ फेब्रुवारी
(तुमच्या हातात दिलं २६ फेब्रुवारीला)

हबीबकाका,

खालचं पत्र मी तुम्ही भरती झालात त्याच्या तिसऱ्या दिवशी लिहिलं आणि ऑपरेशन होईपर्यंत ड्रॉवरमध्ये ठेवलं. परवा डॉक्टर म्हणाले की गाठ पूर्ण निघाली. म्हणून आज देते आहे.

तुमच्या मिठाबद्दल तुम्ही जे ताडलंत ते चूक आहे. माझ्या कुपीतल्या पेशी फक्त दुसऱ्या दिवशीच्या आगीला तयार झाल्या होत्या, आणि ती तयारीसुद्धा दोन दिवसांत ओसरते. तव्यावरच्या मिठानं गालातली गाठ कडक झाली, चाकूला किंवा औषधाला दाद देईनाशी झाली, असं कुठलंही शास्त्र नाही. मिठाच्या शेकानं फक्त गाल गरम होतो आणि माणसाला वाटतं की आपण काहीतरी करतोय.

हे मला तुमचं पत्र स्टँडवर उभ्या उभ्या वाचलं तेव्हाच माहीत होतं. बुधवारी तुम्ही गाडीतून उतरलात, काकूंच्या हातात मोठी पिशवी, तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही 'मग ठीक आहे' म्हणून त्याच गाडीनं परत गेला असता. तुम्हाला मी ओळखते. म्हणून गप्प बसले. चुकीच्या कारणासाठी का होईना, तुम्ही चालत दवाखान्यात गेलात, आणि मी तुमच्या मागून पिशवी उचलून आले.

शास्त्रज्ञ म्हणून हे मला शोभत नाही. सरांना सांगितलं तर ते समिती नेमतील. रागवायचं तर रागवा, पण आधी जखम भरू द्या.

मेघा

*

वॉर्डातून
२७ फेब्रुवारी

मेघा बेटा,

नाकात नळी आहे, तोंडाला पट्टी आहे. बोलायला अजून महिना लागेल म्हणतात. कागद सिस्टरनं दिला, मागच्या बाजूला माझ्या पातळ जेवणाचा तक्ता आहे, तो वाचू नको. बिल्किस दिवसभर समोर बसते आणि म्हणते, काही तरी बोला हो. बाईमाणसाचं काय करावं कळत नाही.

तुझी गोजरबाई येऊन गेली. आल्या आल्या माझ्या कपाळाला कोपर लावलं आणि सिस्टरला म्हणाली, "ताप हाय, शंभर." सिस्टर हसली. मग थर्मामीटर लावला, शंभर पूर्णांक दोन. आता तिला इथंच ठेवून घ्यायचं म्हणतात.

तुझ्यावर रागावलो नाही. पण मलाही एक सांगायचंय, आणि तोंड बंद आहे तेच बरं, समोर बसून बोलता आलं नसतं.

अप्पारावला पहिला फोड आला तेव्हा त्यानं तो सगळ्यात आधी मला दाखवला. भट्टीचं दार उघडं होतं, त्या उजेडात तोंड वासून उभा राहिला. म्हणाला, हबीब, काय असंल रे हे? मी बघितलं आणि म्हणालो, काय नाय, मिठाचा शेक दे, बसून जाईल. त्यानं दिला. माझ्यावर विश्वास ठेवून दोन महिने दिला.

माझ्या गालाला मी तोच शेक देत बसलो, कारण तो खोटा निघाला तर अप्पारावला मी काय सांगितलं होतं ते मला मान्य करावं लागलं असतं. मग तुझं एकतीस तारखेचं पत्र आलं. त्यात मला माझा गाल दिसलाच नाही बेटा, तुझा बाप दिसला. वाटलं, त्याच्या आतला दुष्मन मीच पोसला. मी दवाखान्यात बरा व्हायला आलो नव्हतो. चाकू खायला आलो होतो, शिक्षा म्हणून.

आता तू लिहितेस, मिठानं काही होत नाही. ती ओळ मी काल संध्याकाळपासून वाचतोय. पण तू एकदा माझ्या भल्यासाठी खरं दडवलंस. म्हणून विचारतो, हे पण भल्यासाठी लिहिलं आहेस का? मला काकासारखं नको सांगू. बाहेरच्या माणसाला सांगतेस तसं सांग.

हबीब

*

छत्रपती संभाजीनगर
२८ फेब्रुवारी

हबीबकाका,

बाहेरच्या माणसाला सांगते तसं सांगते. मिठानं बाबांचं काही बिघडवलं नाही. उशिरानं बिघडवलं.

आणि तो उशीर तुमचा एकट्याचा नव्हता. त्याच दिवसांत तो फोड मीही पाहिला होता. ते आरशासमोर उभे होते, मी दार ढकलून आत गेले. घरात एवढं शिकलेली मी एकटीच होते. मला तेव्हाच संशय आला होता. माझी परीक्षा तोंडावर होती, बाबा म्हणाले, काही नाही गं, आणि मला ते ऐकून बरं वाटलं, म्हणून मी दार लावून परत अभ्यासाला बसले. हे आईलाही माहीत नाही. म्हणूनच या कामात आले, आणि म्हणूनच तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हा तुम्हाला खरं सांगून परत पाठवायची माझी हिंमत झाली नाही.

तुम्ही एकट्यानं वाहत होता ते आता माझ्याकडंही द्या. मी उद्या चार वाजता येते.

मेघा